एका चौकटीतील प्रयोग : हास्यचित्र कसे सुचते आणि कसे पारखले जाते

विद्यार्थी मित्रहो, एक लहानसा प्रयोग करून पाहा. एखाद्या दिवाळी अंकातील हास्यचित्र मित्राच्या हाती द्या आणि चित्राकडे न पाहता मित्राच्या चेहऱ्याकडे पाहा. पहिला क्षण काहीच घडत नाही. नंतर कपाळावर बारीकशी आठी उमटते. मग एकाएकी ती आठी विरते आणि चेहऱ्यावर हसू पसरते. सारा प्रकार दोन-तीन सेकंदांत आटोपतो. आठी पडली आणि ती तशीच राहिली, तर चित्र फसले असे समजावे.

हे दोन-तीन सेकंद चित्रकार आधीच कसे योजतो? चित्र पाहणारा माणूस त्याच्यासमोर नसतो. समजावून सांगायलाही तो तेथे नसतो. तरीही हजारो अनोळखी माणसांच्या कपाळावरील आठी त्याला नेमक्या क्षणी सोडवायची असते. हा प्रश्न कलेचा आहे खरा. परंतु पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला त्यात प्रयोगशाळेतील कामाशी पुष्कळ साम्य दिसते. कल्पना मांडणे, ती तपासणे, नको ते काढून टाकणे आणि वेळ पडल्यास आपलीच लाडकी कल्पना टाकून देणे, हे दोन्हीकडे सारखेच असते.

व्यंगचित्रांचे प्रकार अनेक आहेत. राजकीय व्यंगचित्र, माणसाचे अर्कचित्र, अनेक चौकटींची चित्रमालिका हे त्यांपैकी काही. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून दीर्घकाळ काढलेली छोटी चौकट तुमच्या आईवडिलांनी पाहिलेली असेल. मराठीत ती ‘कसं बोललात!’ या नावाने येत असे. तिच्यातील चौकड्यांच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ सगळे काही पाहतो, पण बोलत नाही. आज आपण विचार करणार आहोत तो अशाच एका चौकटीतल्या, परंतु ताज्या बातमीवर अवलंबून नसलेल्या हास्यचित्राचा.

दोन जगांची गाठ

या प्रकाराचा मराठीतील उत्तम नमुना म्हणजे शि. द. फडणीस यांची चित्रे. त्यांचा जन्म १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत ते शिकले. अनंत अंतरकर संपादित करीत असलेल्या ‘हंस’, ‘मोहिनी’ या मासिकांतून त्यांची चित्रे घरोघरी पोहोचली. त्यांतील बहुतेक चित्रांखाली एकही शब्द नसतो. म्हणूनच ‘हसरी गॅलरी’ या त्यांच्या प्रदर्शनातील चित्रांना भाषेची अडचण कधी आली नाही. गणितासारख्या रुक्ष समजल्या जाणाऱ्या विषयाच्या शालेय पाठ्यपुस्तकांनाही त्यांच्या चित्रांनी हसरे केले.

१९५०च्या दशकाच्या आरंभीचे ‘मोहिनी’चे त्यांचे एक मुखपृष्ठ फार गाजले. एक तरुण आणि एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर उंदरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरांची. बस्स, एवढेच! यात हसण्यासारखे काय आहे? कपड्यावरची नक्षी ही निर्जीव वस्तू. तिला भूक नसते, भीती नसते. पण उंदीर आणि मांजर शेजारी आले, की आपले मन त्यांना ताबडतोब जिवंत करते. कापडाचे जग आणि प्राण्यांचे जग ही दोन जगे एकाच रेषेवर येऊन उभी राहतात. त्यातच तरुण-तरुणीच्या नात्याची तिसरी छटा मिसळते.

आर्थर कोस्लर या लेखकाने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात नेमके हेच सूत्र मांडले आहे. एरवी परस्परांशी संबंध नसलेल्या दोन विचारचौकटी अचानक एका बिंदूत मिळतात तेव्हा विनोद घडतो, असे तो म्हणतो. त्याच्या मते वैज्ञानिक शोधही असाच लागतो. स्नानाच्या कुंडातील पाण्याची पातळी आणि मुकुटाचे आकारमान या दोन गोष्टी आर्किमिडीजच्या मनात एकत्र आल्याची कथा तुम्हांला ठाऊक आहे. विनोदात आपण ‘हा हा!’ म्हणतो, शोधात ‘अरेच्चा!’ म्हणतो. उद्गार वेगळे, पण मूळ एकच.

एक गंमत सांगतो. मानसशास्त्राच्या पुस्तकांत हटकून आढळणारे एक चित्र आहे. एका बाजूने पाहिले तर ते बदक दिसते, दुसऱ्या बाजूने पाहिले तर ससा. चोचीचेच कान होतात. हे चित्र प्रथम छापले गेले ते १८९२ साली, एका जर्मन विनोदी साप्ताहिकात! काही वर्षांनी जोसेफ जॅस्ट्रो या मानसशास्त्रज्ञाने ते उचलले आणि पाहण्याचे काम केवळ डोळा करीत नसून मनही करते, हे दाखवण्यासाठी वापरले.

डोळा चित्र कसे वाचतो

आता थोडे पदार्थविज्ञान. आपल्याला संपूर्ण चित्र एकदम स्पष्ट दिसते असे वाटते. वस्तुतः तसे नसते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या लहानशा भागानेच आपण बारकावे पाहतो. हा भाग सुमारे २ अंशांचा कोन व्यापतो. पुस्तक डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर २ अंश म्हणजे कागदावर किती? ३० ला २ अंशांच्या स्पर्शगुणोत्तराने, म्हणजे सुमारे ०.०३५ ने गुणा. उत्तर येते साधारण १ सेंटिमीटर. म्हणजे १२ सेंटिमीटर रुंदीच्या चित्रात एका वेळी तुम्हांला नीट दिसतो तो जेमतेम नखाएवढा तुकडा. बाकीचे चित्र पाहण्यासाठी डोळा उड्या मारीत फिरतो. एका सेकंदात तो साधारण तीन-चार ठिकाणी थांबतो.

तात्पर्य, एका चौकटीच्या चित्रालाही आधी आणि नंतर असते. चित्रकाराची खरी कसोटी येथे आहे. नेहमीचे, ओळखीचे दृश्य डोळ्याला आधी भेटले पाहिजे आणि विसंगत गोष्ट नंतर. विसंगती आधी दिसली, तर आठी पडायलाच वाव राहत नाही. म्हणून चित्रकार मोठ्या आकृती, जाड रेषा आणि माणसांच्या नजरांची दिशा यांचा उपयोग वाटाड्यासारखा करतो. चित्रातील माणूस जिकडे पाहतो, तिकडे आपणही पाहतो.

रेषांचेही गणित असते. समजा, चित्र २४ सेंटिमीटर रुंद काढले आणि छापताना ते ८ सेंटिमीटरचे केले. प्रत्येक अंतर तिसऱ्या हिश्शावर येईल. सावली दाखवण्यासाठी ०.३ मिलिमीटर अंतर ठेवून मारलेल्या रेघांमध्ये आता ०.१ मिलिमीटर उरेल. निरोगी डोळा ३० सेंटिमीटरवरून सुमारे ०.०९ मिलिमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे ओळखू शकत नाही. त्यात शाई कागदावर थोडी पसरते. परिणाम असा, की कष्टाने काढलेली सावली हा एक काळा डाग होतो. कमी रेषांत चित्र काढण्यामागे केवळ सौंदर्यदृष्टी नाही, तर दृष्टिविज्ञानही आहे.

कल्पना शोधावी कशी?

‘सुचते तेव्हा सुचते’ असे म्हणून पुष्कळ जण हात झटकतात. परंतु शोधाची काही रीत ठरवता येते. आपण एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

विषय घेऊ पाण्याचा. तो आमच्या छत्रपती संभाजीनगरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरने येथे भूमिगत नहरींतून पाणी खेळवले. पुढे पैठणजवळच्या नाथसागराचे पाणी शहरापर्यंत चढवून आणले गेले. तरीही नळाला काही दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव येथल्या घरांनी वर्षानुवर्षे घेतला आहे.

वहीच्या पानावर उभी यादी करा : नळ, हंडा, टँकर, रांग, गच्चीवरची टाकी, बादली, गळती, पाणी येण्याची वेळ. आडवी यादी दुसऱ्याच जगाची करा : बँक, लग्न, दवाखाना, क्रिकेट, संग्रहालय, परीक्षा, एसटी, देऊळ. आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ चौकोन तयार झाले. आता एकेका चौकोनात थांबून विचारा, ‘या दोन गोष्टी एकत्र आल्या तर काय दिसेल?’

प्रामाणिकपणे सांगतो, मी हे केले तेव्हा पन्नासाहून अधिक चौकोन कोरडेच राहिले. सात-आठांत जुनेच विनोद निघाले; हुंड्यात हंडा हा त्यांतलाच एक. जे पहिल्यांदा सुचते ते इतरांनाही पहिल्यांदाच सुचलेले असते, हा नियम लक्षात ठेवा. शेवटी ‘हंडा’ आणि ‘बँक’ यांच्या चौकोनापाशी मी थांबलो. पाणी मौल्यवान आहे. मौल्यवान वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. पुढे?

पहिला मसुदा असा : एक गृहस्थ बँकेच्या लॉकरमध्ये पाण्याचा हंडा ठेवीत आहेत. खाली ओळ : ‘सोन्यापेक्षा पाणी महाग झाले आहे!’ हे चित्र नव्हे, हा फळ्यावरचा सुविचार झाला. ओळीने पाहणाऱ्याचे काम स्वतःच करून टाकले.

दुसऱ्या मसुद्यात ओळ काढून टाकली. थोडे बरे झाले, पण हंडा चित्राच्या मध्यभागी असल्याने तोच आधी दिसत होता.

तिसऱ्या मसुद्यात लॉकर बंद केले. भिंतभर एकसारखी पोलादी दारे. त्यांपैकी एका दारातून पाण्याचा थेंब पडतो आहे आणि खाली लहानसे थारोळे साचले आहे. हंडा चित्रात नाहीच!

चौथ्या मसुद्यात एक माणूस आणला. बँकेचा बंदूकधारी रखवालदार, खांद्याला बंदूक, आणि हाती धरलेला पेला तो गंभीर चेहऱ्याने त्या थेंबाखाली नेतो आहे.

तिसऱ्या मसुद्यापाशी नेमके काय घडले ते पाहा. मुख्य वस्तू काढून टाकली आणि तिची केवळ खूण ठेवली. आता हंडा पाहणाऱ्याला स्वतःच्या मनात मांडावा लागतो. विल्सनच्या मेघकोठीत आपल्याला इलेक्ट्रॉन दिसत नाही. तो गेल्या वाटेवर उमटलेली बाष्पबिंदूंची रेघ तेवढी दिसते, आणि त्यावरून आपण ‘इलेक्ट्रॉन येथून गेला’ असे म्हणतो. चांगल्या हास्यचित्रातही अशी एक रेघ दिलेली असते. शोध पाहणाऱ्याने लावायचा असतो आणि तो लागल्याचा आनंद म्हणजेच हसू.

पारख

चित्र काढणाऱ्याला त्याचे चित्र नेहमीच समजते. म्हणून त्याचे स्वतःचे मत पुरावा म्हणून चालत नाही. यासाठी काही कसोट्या लावाव्यात.

अंगठ्याची कसोटी : चित्रातील एकेक वस्तू अंगठ्याने झाकत जा. झाकूनही विनोद कायम राहिला, तर ती वस्तू अनावश्यक. झाकताच विनोद नाहीसा झाला, तर तीच गाभ्याची. ती स्पष्ट काढा. प्रयोगात एका वेळी एकच चल बदलावा, असे आपण म्हणतो ते हेच.

ओळीची कसोटी : खाली ओळ असेल, तर ती एकटीच वाचून पाहा. चित्राशिवाय ती पुरेशी हसवीत असेल, तर चित्र उगाच काढले. चित्र एकटे पुरेसे असेल, तर ओळ उगाच लिहिली.

अनोळखी डोळ्याची कसोटी : चित्र दाखवून ‘आवडले का?’ असे विचारू नका. ओळखीची माणसे हो म्हणतात. ‘तुला यात काय दिसते?’ असे विचारा आणि गप्प राहा. माझे लॉकरचे चित्र मी एका सातवीतल्या मुलाला दाखवले. तो म्हणाला, ‘बँकेचे छत गळते आहे.’ मी चकित झालो. पाहतो तो काय, भिंत जुनी दिसावी म्हणून मी वर दोन भेगा काढल्या होत्या! त्यांचा विनोदाशी काही संबंध नव्हता, पण त्यांनी पाहणाऱ्याला दुसरेच अनुमान दिले. मुलगा चुकला नव्हता. माझ्या मांडणीत दोष होता. भेगा पुसल्या, थेंब थेट दाराच्या फटीतून काढला, आणि पुढच्या तिघांनी मी न सांगता ‘आत पाणी ठेवले आहे’ असे सांगितले.

काळाची कसोटी : चित्र आठ दिवस बाजूला ठेवा. आठवड्याने तुम्हीही थोडे अनोळखी झालेले असता.

अशा कसोट्यांतून फार थोडे उरते, आणि त्यात लाज नाही. रॉबर्ट मॅनकॉफ हा अमेरिकन चित्रकार प्रयोगात्मक मानसशास्त्राचा अभ्यास अर्धवट सोडून व्यंगचित्रांकडे वळला. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने १९७७ साली त्याचे पहिले चित्र स्वीकारले, त्याआधी आपली सुमारे २००० चित्रे नाकारली गेली होती, असे तो सांगतो. पुढे तो त्याच साप्ताहिकाचा व्यंगचित्र-संपादक झाला.

त्याच साप्ताहिकात २००५ पासून दर आठवड्याला एक बिनओळीचे चित्र छापून वाचकांकडून ओळी मागवण्याची स्पर्धा चालत आली आहे. हजारो ओळी येतात. पारखायच्या कशा? त्यासाठी संगणकाची मदत घेतली गेली. वाचकाने एकेका ओळीला ‘हसू आले नाही’, ‘थोडे आले’, ‘आले’ यांपैकी एक कौल द्यायचा. ज्या ओळींना आरंभीच वाईट कौल मिळतो त्या संगणक कमी वेळा दाखवतो, आणि ज्यांत आशा दिसते त्यांना अधिक वाचकांपुढे आणतो. नव्या औषधांपैकी गुणकारी कोणते हे ठरवतानाही असाच प्रश्न पडतो : मोजके प्रयोग कोणावर खर्च करावेत? विनोदाच्या स्पर्धेतून संख्याशास्त्राला खरीखुरी आकडेवारी मिळाली.

हशा हे एकच माप नव्हे

परंतु मित्रहो, येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा आमच्या वर्गाचे भित्तिपत्रक असे. त्यात मी एक चित्र काढले. मागच्या बाकावर एक मुलगा झोपला आहे. त्याच्या डोक्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळे विणले आहे, आणि प्राध्यापक हातातील छडीने त्या जाळ्यावरच भूमिती समजावून देत आहेत. चित्र छान जमले होते. दिवसभर त्यापुढे गर्दी होती. हशा हेच माप मानले, तर माझ्या त्या वयातील ते सर्वांत यशस्वी चित्र.

चित्रातील मुलाच्या पिशवीवर मी एक ठिगळ काढले होते. तसे ठिगळ आमच्या वर्गात एकाच पिशवीला होते. तो मुलगा रात्रपाळीला कारखान्यात काम करी आणि सकाळी तेथूनच वर्गात येई, हे मला माहीत होते. त्याने चित्र बराच वेळ पाहिले. ‘जाळे चांगले काढले आहेस,’ एवढेच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून ती पिशवी तो ठिगळाची बाजू अंगाकडे करून धरू लागला. मी चित्र उतरवले. पण पिशवी वर्षअखेरपर्यंत तशीच उलटी राहिली.

आता अंगठ्याची कसोटी लावा. ठिगळ झाका. कोळी आहे, जाळे आहे, प्राध्यापक आहेत. विनोद जसाच्या तसा! म्हणजे ठिगळ विनोदासाठी नव्हतेच. ते फक्त ‘हा कोण’ हे सांगण्यासाठी होते. हे मला कळायला फार उशीर झाला. तेव्हापासून चित्र पाहताना मी आणखी एक प्रश्न विचारतो : हसणारे कोण, आणि ज्याच्यावर हसतात तो कोण? फडणीसांच्या उंदीर-मांजरावर हसताना कोणाला मान खाली घालावी लागत नाही. लक्ष्मण यांचा बोचरा रोख बहुधा खुर्चीवर बसलेल्यांवर असे; चौकड्यांच्या कोटातल्या म्हाताऱ्यावर नव्हे.

वसंत सरवटे यांचे नाव येथे घ्यायला हवे. १९२७ साली कोल्हापुरात जन्मलेले सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते. सिमेंट कंपनीतील नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर व्यंगचित्रे काढली आणि व्यंगचित्रकलेवर गंभीरपणे लिहिलेही. ते ज्यांच्याविषयी आवडीने लिहीत ते सॉल स्टाइनबर्ग वास्तुशास्त्र शिकलेले होते. भार कोठे येतो, कोणता खांब काढला तर इमारत उभी राहते आणि कोणता काढला तर कोसळते, हे जाणणाऱ्या माणसांना एका चौकटीचे हे बांधकाम आवडावे, यात नवल नाही.

करून पाहा

१. आपल्या गावातील एक विषय आणि त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा विषय निवडा. आठ-आठ शब्दांच्या याद्या करून ६४ चौकोन आखा. किती चौकोन कोरडे राहिले तेही लिहा.

२. एका कल्पनेचे निदान चार मसुदे काढा. चित्रकला बेताची असली तरी काड्यांची माणसे चालतील.

३. पाच जणांना दाखवा आणि ‘काय दिसते?’ एवढेच विचारा. उत्तरे शब्दशः टिपा. चूक उत्तर देणाऱ्याला दुरुस्त करू नका. आपले चित्र दुरुस्त करा.

४. शेवटी अंगठ्याने एकेक वस्तू झाका. जी झाकली तरी विनोद राहतो आणि जी पाहून कोणीतरी आपली पिशवी उलटी धरील, ती वस्तू खोडून टाका.

शिक्षकांना विनंती, की विज्ञानाच्या तासाला एकदा हा प्रयोग अवश्य करून घ्यावा. निरीक्षण, अनुमान, चल आणि पुरावा हे चार शब्द मुलांना त्यातून सहज कळतील. आणि वर्गात थोडे हसूही येईल.